पहिल्या दिवशी एकच पाय का बांधतात? स्नोबोर्ड शिकण्याचा इतिहास #थ्रेड

स्नोबोर्डच्या प्राथमिक वर्गात आलेल्या नवशिक्याला पहिल्याच तासाला एक चमत्कारिक सूचना मिळते: दोन्ही पाय फळीला बांधायचे नाहीत. पुढचा पाय बांधायचा, मागचा मोकळा ठेवायचा आणि सपाट बर्फावर त्या मोकळ्या पायाने रेटा देत लंगडत सरकायचे. मग किंचित उतार. मग दोन्ही पाय बांधून, दरीकडे तोंड करून, टाचेकडच्या कडेवर उभे राहून आडवे घसरायचे. मग तेच डोंगराकडे तोंड करून, चवड्याकडच्या कडेवर. वळणे बहुधा त्यानंतरच.

हा क्रम आता इतका रूढ झाला आहे की तो खेळाच्या स्वभावातूनच आला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात स्नोबोर्डच्या पहिल्या जवळजवळ वीस वर्षांत असा रूढ क्रम नव्हता. शिक्षक नव्हते, वर्ग नव्हते, आणि शिकण्यासाठी धड उतारही नव्हता. हा क्रम कसा घडला आणि तो घडण्यात बंद दरवाजांचा वाटा किती मोठा होता, याविषयीचा हा धागा.

२५ डिसेंबर १९६५. अमेरिकेतील मिशिगन राज्य, मस्कीगन हे सरोवरकाठचे गाव. नाताळच्या दिवशी घरात कंटाळलेल्या मुलींना बाहेर काढण्यासाठी शर्मन पॉपेन या अभियंत्याने लहान मुलांच्या दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यांची एक रुंद फळी केली. मुली तिच्यावर आडव्या उभ्या राहून अंगणामागच्या टेकाडावरून घसरू लागल्या. पॉपेन यांच्या पत्नी नॅन्सी यांनी ‘स्नो’ आणि ‘सर्फ’ हे शब्द जोडून तिचे नाव ठेवले ‘स्नर्फर’. पुढच्याच वर्षी ब्रन्सविक कंपनीने उत्पादनाचा परवाना घेतला आणि फळी खेळण्यांच्या दुकानांत पोहोचली.

स्नर्फरवर पाय बांधण्याची सोय नव्हती. फळीच्या टोकाला एक दोरी होती, ती हातात धरायची. तोल गेला की फळीवरून उतरायचे, किंवा पडायचे. फळी एकीकडे आणि मूल दुसरीकडे. पाय मोकळे असल्याने पडण्याची किंमत फार नव्हती, म्हणून शिकवण्यासारखेही काही नव्हते. मूल एका दुपारीत आपले आपण शिके. पण फळीच्या कडांना पोलाद नव्हते. भुसभुशीत बर्फाच्या टेकडीवर त्याने काही अडत नसे. घट्ट दाबलेल्या, गोठलेल्या उतारावर मात्र स्नर्फर थांबवणे फार कठीण होते. परसातला खेळ आणि डोंगरावरचा खेळ यांत हेच अंतर होते. ते कापायला दोन दशके लागली.

थोडे विषयांतर. बर्फावर फळी घेऊन आडवे उभे राहण्याची कल्पना एकट्या अमेरिकेची नाही. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठच्या डोंगरांत पेत्रान नावाचे गाव आहे. तेथील लोक एका हातात फळीला बांधलेली दोरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन उतारावरून येतात. ही रीत कित्येक पिढ्यांची असल्याचे गावकरी सांगतात. मस्कीगनशी तिचा कसलाही संबंध नाही. दोन्हीकडे दोरी मात्र आहे, आणि ते स्वाभाविकच: पाय बांधलेला नसेल तर माणसाला हाताने काहीतरी धरावेसे वाटतेच.

आता स्कीकडे वळणे आवश्यक आहे, कारण स्नोबोर्डसमोर जो दरवाजा बंद झाला तो स्कीचा होता. आल्प्समध्ये स्की शिकवण्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकार घेऊ लागले. ऑस्ट्रियातील लिलियनफेल्ड येथे मथियास झ्डार्स्की यांनी तीव्र उतारावर वेग आवरण्याची पद्धत बसवली आणि तिच्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या नंतर सेंट अँटन येथील हानेस श्नायडर यांनी तिचा जिना केला: आधी दोन्ही स्कींची टोके जुळवून नांगरासारखा आकार, मग त्याच आकारात वळण, मग हळूहळू स्की समांतर. विद्यार्थ्यांचे कौशल्यानुसार गट आणि प्रत्येक गटाला शिक्षक. याला आर्लबर्ग पद्धत म्हणतात. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन होताच नाझींनी श्नायडर यांना अटक केली. १९३९ मध्ये ते अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील नॉर्थ कॉनवे येथे आले. श्नायडर यांच्या शिष्यांनी हा जिना अमेरिकेत आधीच आणला होता, आता गुरूही आले.

याचा अर्थ असा की १९६०च्या दशकात अमेरिकेत स्की शिकू पाहणाऱ्याच्या पाठीशी दोन पिढ्यांचे अध्यापनशास्त्र होते. स्नर्फरवर उभ्या राहणाऱ्याच्या पाठीशी फक्त टेकडी होती.

स्नर्फर हे खेळणे न राहता साधन व्हावे, असे वाटणारे काही तरुण लवकरच पुढे आले. न्यू जर्सीतील टॉम सिम्स यांनी तर १९६३ मध्येच, म्हणजे पॉपेन यांच्याही आधी, शाळेच्या सुतारकामाच्या तासाला बर्फावर चालणारी स्केटबोर्डसारखी फळी बनवली होती. पुढे कॅलिफोर्नियात ते स्केटबोर्डचे उत्पादक झाले. युटा राज्यातील दिमित्रिये मिलोविच यांनी सर्फबोर्डच्या धर्तीवर ‘विंटरस्टिक’ फळ्या केल्या. आणि किशोरवयात स्नर्फरचा नाद लागलेले जेक बर्टन कार्पेंटर १९७७ मध्ये व्हरमाँटमधील लंडनडेरी या लहान गावी जाऊन राहिले आणि तेथे एकामागून एक नमुने बनवू लागले.

या तिघांच्या फळ्या वेगवेगळ्या होत्या, कारण त्यांच्या पायाखालचा बर्फ वेगवेगळा होता. युटामध्ये कोरडा, खोल, भुशासारखा बर्फ पडतो. त्यात फळी तरंगते. कडेपेक्षा आकार महत्त्वाचा. पडले तर बर्फ झेलतो. व्हरमाँटचा बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि काचेसारखा होतो. तिथे कड रुतली नाही तर माणूस थेट खाली. (गुलमर्गला हा भेद एकाच डोंगरावर दिसतो: वर अफरवतच्या अंगावर खोल भुसभुशीत बर्फ, खाली नवशिक्यांच्या कुरणावर दिवसभर तुडवून घट्ट झालेला.) आजच्या प्राथमिक वर्गातील जवळजवळ प्रत्येक धडा कडेशी निगडित आहे, आणि तो घट्ट बर्फाचा वारसा आहे. युटाच्या खोल बर्फाने खेळाला स्वप्न दिले असेल, पण अभ्यासक्रमावर छाप आहे ती घट्ट बर्फाची.

मात्र त्या काळी हा अभ्यासक्रम सांगणार कोण? लिफ्टवर फळीला परवानगी नव्हती. शिकणारे लोक फळी खांद्यावर घेऊन टेकडी चढत, मिनिटभरात खाली येत आणि पुन्हा चढत. कित्येक जण स्की-केंद्र बंद झाल्यावर संध्याकाळी चोरून उतारावर जात. शारीरिक कौशल्य पुनरावृत्तीने येते. लिफ्टने जाणाऱ्याला दिवसभरात जितक्या फेऱ्या मिळत, त्याच्या मोजक्या अंशाइतक्या फेऱ्या चढून जाणाऱ्याला मिळत. आणि त्याही थकलेल्या पायांनी. हे लोक हळू शिकले यात नवल नाही. शिकले याचेच नवल आहे.

१९७९ मध्ये मिशिगनमधील पँडो येथे स्नर्फरची स्पर्धा होती. बर्टन तिथे स्वतः बनवलेली फळी घेऊन गेले. तिच्यावर पाय अडकवण्याची सोय होती. हा स्नर्फर नव्हे, अशी हरकत घेण्यात आली. अखेर बदललेल्या फळ्यांसाठी वेगळा खुला गट करण्यात आला आणि तो बर्टन यांनी जिंकला. प्रसंग छोटा, पण इथे खेळाचे दोन फाटे झाले. पाय मोकळा असेल तर पडणे सोपे आणि वळणे अवघड. पाय बांधला तर वळणे शक्य, पण पडणे गंभीर. स्कीचे बाइंडिंग जोराच्या झटक्याने सुटते, स्नोबोर्डचे सुटत नाही. तेव्हापासून ‘कसे पडावे’ हाही शिकण्याचा विषय झाला.

स्की-केंद्रांच्या मालकांनी फळीवाल्यांना बाहेर ठेवण्यामागे अनेक कारणे सांगितली. विम्याचे कारण सर्वात पुढे असे: अपघात झाला तर आमचे विमापत्र तो सोसणार नाही. दुसरे कारण, फळी आडवी घसरत येते आणि उतारावरचा बर्फ खरवडून नेते. तिसरे, आडवा उभा असलेला माणूस पाठीमागचे पाहू शकत नाही. आणि न बोललेले चौथे: सैल कपड्यांतली, स्केटबोर्डच्या संस्कृतीतून आलेली पोरे महागडे तिकीट काढणाऱ्या कुटुंबांना नको होती.

या इतिहासाची लोकप्रिय आवृत्ती चौथ्या कारणावरच थांबते. खडूस म्हातारे विरुद्ध बंडखोर तरुण अशी गोष्ट सांगायला सोपी पडते. पण पहिल्या पिढीतील अनेक फळ्यांना पोलादी कडा नव्हत्या आणि त्यांच्यावरच्या अनेकांना घट्ट बर्फावर थांबता येत नव्हते, हेही खरेच. १९८२ मध्ये व्हरमाँटमधील ‘सुइसाइड सिक्स’ या टेकडीवर स्नोबोर्डची पहिली राष्ट्रीय म्हणवली गेलेली शर्यत झाली, तेव्हा त्या कडक उतारावर वेग घेण्यापेक्षा शेवटी थांबणे हाच मोठा प्रश्न होता. केंद्रचालकांची भीती निराधार नव्हती. चूक होती ती त्यांच्या उपायात. ज्याला थांबता येत नाही त्याला शिकण्याची जागाच द्यायची नाही, आणि मग त्याला थांबता येत नाही म्हणून दार बंद ठेवायचे, ही ती कात्री.

ती कात्री १९८३ मध्ये व्हरमाँटच्या स्ट्रॅटन माउंटन येथे सुटली. बर्टन यांचा आग्रह आणि तेथील व्यवस्थापक पॉल जॉन्स्टन यांची तयारी, यांतून त्या मोठ्या स्की-केंद्राने फळीला लिफ्टवर घेतले. त्या काळात इतरही काही केंद्रे दार किलकिले करत होती, पण बहुतेक ठिकाणी एक अट असे: आधी परीक्षा. केंद्राच्या कर्मचाऱ्यासमोर उतारावरून यायचे, दोन्ही बाजूंना वळून दाखवायचे, सांगितल्या ठिकाणी थांबून दाखवायचे. उत्तीर्ण झाल्यास ओळखपत्र आणि मग लिफ्ट. स्कीवाल्याला, अगदी आयुष्यात प्रथमच स्की पायात घालणाऱ्यालाही, अशी परीक्षा नव्हती. त्याला शिक्षक मिळे, फळीवाल्याला परीक्षक.

अपमानास्पद होती ही व्यवस्था. पण तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. परीक्षा म्हटली की तयारी आली, आणि तयारी म्हटली की क्रम आला. सुरक्षित थांबणे, आडवे घसरून वेग आवरणे, दोन्ही कडांवर ताबा, लिफ्टवरून न पडता उतरणे: परीक्षकाला जे पाहायचे होते तेच पुढे प्राथमिक वर्गाचे धडे झाले. स्नर्फरच्या मुलाला आधी ‘जाणे’ कळे आणि थांबण्याचा विचार नंतर. आजचा नवशिक्या आधी थांबायला शिकतो. पुढे अध्यापनशास्त्राने या उलट्या क्रमाचे समर्थन केले, ते योग्यही आहे. पण त्याच्या मागे द्वारपालाची गरज उभी होती, हे विसरता येत नाही.

अर्थात केवळ अटीने कौशल्य येत नाही, साधन लागते. याच सुमारास दोन सुधारणा रुजल्या. एक, स्कीसारख्या पोलादी कडा. दुसरी कमी नावाजलेली, पण नवशिक्याच्या दृष्टीने अधिक मोलाची: बाइंडिंगच्या मागे पोटरीपर्यंत येणारी उंच पाठ. जेफ ग्रेल यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती घडवली. तिचे महत्त्व कळण्यासाठी घरीच एक प्रयोग करता येईल. उभे राहून चवड्यांवर उठणे सोपे असते. फक्त टाचांवर, बोटे वर उचलून, उभे राहणे अवघड, कारण मागे रेलायला काही नसते. उंच पाठ आली आणि पोटरी तिच्यावर टेकवून टाचेची कड बर्फात रोवता येऊ लागली. दरीकडे तोंड करून आडवे घसरण्याचा आजचा पहिला धडा या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर टेकलेला आहे. तो नसताना मऊ बुटांत घट्ट बर्फावर हा धडा देणे जवळजवळ निरर्थक ठरले असते.

आणि मग तो एक बांधलेला पाय. त्याचे मूळ चेअरलिफ्टमध्ये आहे. पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे उभी राहिली. तिची कल्पना युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंते जेम्स करन यांची. जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या आकड्यांच्या यंत्रणेवरून ती त्यांना सुचली होती. केळ्यांच्या जागी माणसे आली. पण ही माणसे समोर तोंड करून बसलेली, दोन्ही पाय समांतर ठेवून वर सरळ सरकत उतरणारी, अशी गृहीत धरलेली होती. फळीला दोन्ही पाय आडवे बांधलेला माणूस रांगेत पुढे सरकू शकत नाही आणि वर पोहोचल्यावर समोर तोंड करून उतरूही शकत नाही. तोड एकच: मागचा पाय सोडायचा. म्हणजे पहिल्या दिवशीचे ते लंगडणे हा स्की-लिफ्टशी केलेला तह आहे. अनेक नवशिक्यांना संपूर्ण उतारापेक्षा लिफ्टच्या शेवटच्या दहा पावलांचीच धास्ती असते, याचे कारणही हेच.

मधल्या टप्प्याचे नावही सुंदर आहे. एकाच कडेवर राहून डावीकडे, मग उजवीकडे, असे न वळता हेलकावे घेत खाली येणे. याला इंग्रजीत ‘फॉलिंग लीफ’ म्हणतात, गळणारे पान. यात नवशिक्याला पहिल्यांदा कळते की फळी पायाने ढकलून नव्हे, तर नजर, खांदे आणि गुडघ्यांच्या भाराने वळते. मग येते खरी कसोटी, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणे. या क्षणी फळी काही काळ सपाट, सरळ उताराच्या दिशेने असते आणि वेग वाढतो. भीतीने शरीर मागे झुकते आणि तिथेच घात होतो. उताराकडची कड बर्फात अडकली की माणूस क्षणार्धात आपटतो. सावरण्यासाठी हात पसरले जातात आणि मनगट मोडते. स्कीमध्ये गुडघा दुखावतो, नवशिक्या स्नोबोर्डरचे मनगट. म्हणून शिक्षक मुठी मिटून हाताच्या पुढच्या भागावर पडायला सांगतात आणि मनगटाला आधार देणारे पट्टे सुचवतात.

हे शिक्षक आले कुठून? सुरुवातीला अर्थातच स्कीमधून. कित्येक जण स्वतःच फळीवर एक हंगाम जुने होते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील व्यावसायिक स्की-शिक्षकांच्या संघटनेने स्नोबोर्डला आपल्या कक्षेत घेतले. १९९७ मध्ये स्नोबोर्ड-शिक्षकांची स्वतंत्र शाखा झाली. आर्लबर्गचा जिना उधार घेतला गेला, पायऱ्या मात्र नव्या घालाव्या लागल्या, कारण नांगराचा आकार करायला दुसरी स्कीच नव्हती.

दरम्यान दारे उघडत होती. १९८५ मध्ये अमेरिकेतील सुमारे ६०० स्की-केंद्रांपैकी केवळ ३९ केंद्रांवर फळी चालत असे, असा आकडा नेहमी दिला जातो. त्याच वर्षीच्या ‘अ व्ह्यू टू अ किल’ या बाँडपटात बर्फावरच्या पाठलागात रॉजर मूर यांच्या जागी टॉम सिम्स फळीवर होते. पुढील दशकभरात चित्र पालटले. केंद्रचालकांचे मन पालटले, त्याहून त्यांचा हिशेब पालटला: स्कीचा ग्राहकवर्ग वाढत नव्हता आणि तरुण फळी मागत होते. ओळखपत्राच्या परीक्षा गेल्या आणि त्यांच्या जागी नवशिक्यांसाठी सवलतीचे वर्ग आले. १९९८ मध्ये नागानो येथे स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आला. तेथेही व्यवस्थापन स्नोबोर्डच्या स्वतःच्या महासंघाकडे नव्हे, तर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाकडे गेले. त्याच्या निषेधार्थ त्या काळातील सर्वश्रेष्ठ मानले जाणारे नॉर्वेचे तेर्ये हाकॉनसेन स्पर्धेला गेलेच नाहीत.

दार उघडले, पण सर्वत्र नाही. न्यू मेक्सिकोतील ताओस येथे २००८ पर्यंत बंदी होती. युटातील आल्टा व डीअर व्हॅली आणि व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन येथे ती आजही आहे. आल्टाचा बराच भाग सरकारी वनजमिनीवर आहे. म्हणून २०१४ मध्ये काही स्नोबोर्डरांनी खटला भरला: सार्वजनिक जमिनीवर एका गटाला मज्जाव करणे हा समान संरक्षणाच्या घटनात्मक हमीचा भंग आहे, असा त्यांचा दावा. कनिष्ठ न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. बंदी खासगी कंपनीने घातली आहे, शासनाने नव्हे, हा मुख्य आधार. न्यायालयाचा तर्क कायद्याच्या चौकटीत बसणारा आहे. पण त्यात ‘जमीन कोणाची’ हा प्रश्न अनुत्तरितच राहतो, आणि वनहक्कांचा इतिहास वाचणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल.

साधनांनी मात्र नवशिक्याची बाजू घेतली. खास शिकण्यासाठीच्या फळ्या निघाल्या: मऊ, आणि कडा किंचित वर उचललेल्या, जेणेकरून त्या सहज अडकू नयेत. अगदी लहान मुलांसाठी बर्टन कंपनीने एक चकती बनवली. ती फळीच्या टोकाला बसते आणि तिच्यातून दोरी निघते. ती मोठ्यांनी धरायची आणि मुलाला सपाट बर्फावर ओढत न्यायचे. मस्कीगनमध्ये दोरी मुलाच्या हातात होती, आता ती आईवडिलांच्या हातात आहे.

शर्मन पॉपेन बराच काळ या साऱ्यापासून दूर राहिले. आधुनिक स्नोबोर्ड त्यांनी पायाला बांधला तो साठी केव्हाच उलटून गेल्यावर, कोलोरॅडोतील स्टीमबोट स्प्रिंग्ज येथे. २०१९च्या जुलैमध्ये, वयाच्या ८९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेक बर्टनही गेले, वयाच्या ६५व्या वर्षी.